घरी बसून पदवी घेतली म्हणजे ती कमी दर्जाची का?

विरारकरीण
शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "ऑनलाइन पदवी म्हणजे नुसता कागद गं." तेव्हापासून ते मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

बारावीनंतर वडील आजारी पडले आणि मी नोकरीला लागले. अंधेरीला बिलिंगचं काम. सकाळी डबे करून सातची लोकल, परत घरी पोचायला साडेआठ. रात्रीचं कॉलेज करायचं तर झोपायचं कधी? बत्तिसाव्या वर्षी बी.कॉम.ला ऑनलाइन प्रवेश घेतला. रात्री वायफायवर लेक्चर फोनमध्ये उतरवून ठेवायचे आणि गाडीत ऐकायचे. समोरची बाई मटार सोलतेय आणि मी कॉस्टिंगमधला एकच भाग तिसऱ्यांदा ऐकतेय, असं कितीदा झालं. वर्गात असते तर सरांना तिसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नसती.

आणि परीक्षा सोपी असते हे कोण सांगतं? लॅपटॉपचा कॅमेरा आपल्यावर रोखलेला, आधी सगळी खोली फिरवून दाखवायची. दुसऱ्या सेमिस्टरला मधेच बेल वाजली, मुलगा धावत आत आला आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत सूचना आली की मागे दुसरी व्यक्ती दिसते आहे. हात थरथरत होते माझे. पुढच्या पेपरांना नवरा मुलांना घेऊन तीन तास खाली बागेत बसला.

आज त्याच ऑफिसात अकाउंट्सला आहे. त्या जागेला पदवीधरच हवा होता. माझी पदवी कमी आहे असं मी मानत नाही.

रात्र कॉलेजचा मास्तर
ताई, तुमच्या कष्टांना मनापासून दाद. तरी विरोधात लिहितो.

काम करणाऱ्याला पदवी मिळावी म्हणून मुंबई इंटरनेटची वाट बघत थांबली नव्हती. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं, तिथे नोकरी सांभाळून शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी लवकर भरत. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासून आहे, नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून. मी स्वतः पंचवीस वर्षं रात्रीच्या वर्गाला शिकवलं. एका बाकावर बँकेचा शिपाई आणि कुरिअर टाकणारा मुलगा बसायचे. एकाच्या वह्या दुसऱ्याकडे जायच्या. दोन दिवस कुणी आला नाही तर बाकीचे त्याच्या घरी चौकशीला जायचे. ही माणसं पुढे आयुष्यभर एकमेकांना धरून राहिली. लेक्चर तिसऱ्यांदा ऐकता येतं हे खरं, पण तो व्हिडिओ तुमचा चेहरा बघून "कळलं नाही ना?" असं विचारत नाही.

हिशेबनीस
दर्ज्याचं म्हणाल तर नियम स्पष्ट आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमावलीप्रमाणे मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीला समकक्ष आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा जाहीर केलं. मात्र मान्यता विद्यापीठाला आहे म्हणून भागत नाही, तो अभ्यासक्रम त्या वर्षासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत हवा. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी अशा पदव्या ऑनलाइन घेताच येत नाहीत. माझ्या मावसभावाने ठाण्यात एका एजंटकडे रोख पैसे भरले, वर्षभराने कळलं की नोंदणीच झालेली नव्हती. प्रवेश थेट विद्यापीठाच्या साइटवरूनच घ्या.

लालबागची चाळ
मी एकोणीस वर्षांची. माझ्या घरी आत्ता हाच वाद चाललाय. बाबा म्हणतात, फी कमी, पासाचे पैसे वाचतील, ऑनलाइनच कर. ताई, तुमच्याकडे कॅमेऱ्यासमोर बसायला दार लावता येईल अशी एक खोली होती. आमची एकच खोली, माणसं सहा. एक सर्टिफिकेट कोर्स मी ऑनलाइन केलाय. लेक्चर चालू असताना कुकर लाव, आजीला गोळी दे, गॅसवाला आलाय बघ. मुलगी घरात दिसली की ती रिकामीच आहे असं सगळ्यांना वाटतं. कॉलेजला गेलेल्या मुलीला कुणी हाक मारत नाही. मला ते चार तास हवे आहेत.

कळव्याची आई
माझा मुलगा व्हीलचेअरवर असतो. अकरावी-बारावीला वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बहुतेकदा बंद. मित्र उचलून न्यायचे. त्याला ते आवडायचं नाही, तोंडाने कधी बोलला नाही. आता बी.ए. घरून करतोय. मास्तर, बाकाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून भरून आलं, पण त्या बाकापर्यंत पोचताच आलं पाहिजे ना.

रात्र कॉलेजचा मास्तर
बरोबर आहे तुमचं. मी फक्त जिने चढू शकणाऱ्यांचाच विचार करत होतो. तरी माझी खरी भीती सांगतो. घरून शिकायची सोय झाली की "रात्रीचे वर्ग कशाला हवेत?" असं म्हणणारे पुढे येतील आणि पटसंख्येचं कारण दाखवून ते वर्ग बंद करतील. मग लालबागच्या मुलीला निवड उरणार नाही.

विरारकरीण
सर, ते वर्ग बंद करायला निघाले तर विरोधाच्या अर्जावर मीही सही करीन. आणि बाळा, तू कॉलेजलाच जा. मी घरून शिकले कारण माझ्यापुढे तेवढाच रस्ता होता, आणि त्याने माझं भलं केलं. तुझ्यापुढे दोन आहेत. बाबांना फक्त पैशांची अडचण असेल तर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मी मदत करते. रविवारी दुपारी मोकळी असते.

लालबागची चाळ
चालेल ताई. उत्पन्नाचा दाखला काढलेला आहे, मागच्या वर्षीचा. तो चालतो की नवीन लागेल?