सवाई खरंच रात्रभर चालायचा का? जुन्या लोकांनी सांगा

वऱ्हाडी_तंबोरा:
नमस्कार मंडळी. मी मूळची अकोल्याची, नोकरीमुळे आता पुण्यात. मागच्या डिसेंबरात पहिल्यांदाच सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला गेले, मुकुंदनगरच्या ग्राउंडवर, भारतीय बैठकीचं तिकीट काढून. आणि खरं सांगू का, गाण्याइतकीच मजा मला तिथल्या माणसांची आली, म्हणजे एका हातात कांदाभजीची डिश धरून लोक भीमपलासातल्या निषादावर तावातावाने भांडतायत, हे मी आधी कुठे पाहिलंच नव्हतं. तर शेजारी एक आजी बसल्या होत्या त्यांचं सारखं चाललेलं की आता काय राहिलंय, आमच्या वेळी उजाडेपर्यंत बसायचो, दहाला घरी जायचं असेल तर सिनेमाला जावं. हे खरंच रात्रभर चालायचं का? मग बंद कशामुळे झालं? आणि सगळे रमणबाग रमणबाग करतात ते काय प्रकरण आहे? नेटवर शोधलं तर कोणत्या साली कोण गायलं याच्या याद्याच याद्या, त्यातून काही पत्ता लागत नाही.

पेठेतला_काका:
आजींचं बरोबर आहे. पण आधीपासून सांगतो, नाहीतर अर्धवट कळेल. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. 1952 च्या सप्टेंबरमध्ये ते पुण्यात वारले. त्यांचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे इथलेच. 1953 ला पहिली पुण्यतिथी आली तेव्हा जावई आणि शिष्यमंडळींनी मिळून गुरूसाठी गाणं ठेवलं, ती सुरुवात. भीमसेन जोशी तेव्हा 31 वर्षांचे होते, अजून 'पंडितजी' व्हायचे होते. म्हणजे मुळात हा फेस्टिव्हल वगैरे नव्हताच, पुण्यतिथीचं गाणं होतं आणि आमच्या घरातले म्हातारे शेवटपर्यंत त्याला पुण्यतिथीच म्हणायचे, 'यंदा पुण्यतिथीला कोण कोण आहे रे' असं. आर्य संगीत प्रसारक मंडळ तेव्हापासून आजतागायत करतंय.

गर्दी वाढत गेली तशी जागा बदलत गेली. सदाशिव पेठेत रेणुका स्वरूप शाळेच्या ग्राउंडवर व्हायचा, नंतर न्यू इंग्लिश स्कूल रमणबागेत आला आणि तिथे इतकी वर्षं झाला की सवाई म्हणजे रमणबाग असं समीकरणच झालं. 2018 पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर.

आता रात्रीचं. तीन रात्री असायच्या. पांघरूण, थर्मास, उशी, कानटोपी असा सगळा संसार घेऊन लोक यायचे आणि मांडवात जागा धरायचे. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, किशोरीताई, जसराज, झाकीर, शिवकुमार शर्मा, बिरजू महाराज, सगळे ऐकले तिथे. किराणा घराण्याच्या गुरूचं स्मरण असलं तरी बाकीच्या घराण्यांना दार बंद नव्हतं आणि हे अण्णांचं, म्हणजे भीमसेनांचं मोठेपण, स्वतःच्या गुरूच्या नावावर त्यांनी सगळ्यांना बोलावलं. फिरोज दस्तूर बसले की लोक 'गोपाला'ची फर्माईश करणारच आणि ते गाणारच. शेवटी, बाहेर उजेड फुटलेला, तेव्हा अण्णा गायला बसायचे. आणि सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांची जुनी रेकॉर्ड लावतात, भैरवीतली ठुमरी, 'बिन देखे पडे नाही चैन'. एवढे मोठमोठे लोक गाऊन गेल्यावर शेवटचा शब्द त्या खरखरणाऱ्या तबकडीचा, ही कल्पना ज्याची असेल त्याला माझा दंडवत.

बंद झालं ते लाऊडस्पीकरच्या नियमामुळे. बाकी कुणी नीट सांगेल.

शनिवारचा_शेजारी:
काका तुम्ही मांडवात बसायचात, आम्ही मांडवाच्या भिंतीला लागून राहायचो, म्हणून दुसरी बाजू पण येऊ द्या. रमणबागेपासून हाकेच्या अंतरावर माझं घर. तिकीट न काढता सगळा सवाई गादीवर पडून ऐकलाय हे खरंय, आणि रस्त्यावर, कट्ट्यावर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसून ऐकणारे पण शेकड्याने असायचे, त्यात चांगले कानवाले लोक असायचे. पण घरात अंथरुणाला खिळलेला माणूस असेल किंवा कुणाची परीक्षा असेल तर रात्री तीनला द्रुत तराणा कितीही चांगला असला तरी नको वाटतो हो. आणि दरवर्षी तीन रात्री दारासमोर स्कूटर लावून गेलेला माणूस पहाटेशिवाय सापडायचा नाही. शिवाय हे जे 'उजाडेपर्यंत बसायचो' म्हणतात ना, त्यातले निम्मे दीडनंतर सतरंजीवर आडवे होऊन घोरत असायचे, मी आत जाऊन पाहिलेत :)

पेठेतला_काका:
घोरायचे हे मान्य. पण अण्णा बसले की उठायचे!

हुबळीवाला:
आमच्याकडची माहिती जरा घालतो, कारण पुणेकरांना वाटतं सवाई गंधर्व पुण्याचेच. कुंदगोळ हुबळीपासून जवळ, छोटंसं गाव. भीमसेन गदगहून येऊन तिथेच गुरूच्या घरी राहून शिकले, पाणी भरण्यापासून सगळं केलं. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला शिकायला जायच्या. गुरूची आठवण म्हणून तिथे नाडगीर वाड्यात पण गाणं होतं, वाड्यात, मांडी घालून, रात्रभर. आणि अजून एक टप्पा मागे गेलात तर मिरज. अब्दुल करीम खाँसाहेबांसाठी मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गायक येऊन हजेरी लावतात, चिंचेच्या झाडाखाली. मला विचाराल तर पुण्याचा सवाई याच रांगेतला आहे, गुरूच्या समाधीशी किंवा घराशी जाऊन गायचं, फक्त पुण्यात मांडव मोठा झाला आणि स्पॉन्सरचे बोर्ड लागले. त्यामुळे दहा वाजता बंद होतं म्हणून सवाई संपला असं मी तरी म्हणणार नाही.

वऱ्हाडी_तंबोरा:
वा, हे माहीतच नव्हतं. पण मग हॉलमध्ये का नाही घेत? वाड्यात रात्रभर चालतं तर हॉलमध्ये चालेल ना?

मध्यम_ग्राम:
ताई, बरोबर पॉइंट धरलात. नियम असा आहे की 2000 साली केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर नाही, बंदिस्त सभागृह असेल तर वेगळं. नंतर 2002 मध्ये सवलत घातली की सणसमारंभासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत परवानगी देऊ शकतं. त्या 15 दिवसांत गणपती, नवरात्र सगळे वाटेकरी, म्हणून सवाईच्या वाट्याला एखादाच दिवस येतो, शनिवारचा. 2005 ला सुप्रीम कोर्टाने पण यावर शिक्कामोर्तब केलं आणि मग पळवाट उरली नाही. हॉलचं म्हणाल तर एवढी माणसं मावतील असा हॉल पुण्यात आहे कुठे? आणि हॉलमध्ये सवाई केला तर तो सवाई राहील का हा वेगळा धागा होईल. मांडवात माणूस उठून चहा पिऊन येतो, पाय पसरतो, बाहेरून पण ऐकू येतं म्हणून स्टॉलवर उभा राहूनही गाण्यात असतो.

मला खरं वाईट वाटतं ते रागांचं आणि त्यावर फार कुणी बोलत नाही. रात्रभराचे तास गेले ते दुपारी भरून काढले, म्हणून तीनाचे चार, चाराचे पाच दिवस झाले, बुधवार ते रविवार. आता दुपारी तीनला कामावरून सुट्टी टाकून जायचं. याचा फायदा असा की मुलतानी, पटदीप, मधुवंती, मारवा, श्री हे दुपार-संध्याकाळचे राग मोठ्या स्टेजवर भरपूर ऐकायला मिळतात, रविवारी तर दुपारी बाराला सुरू होतं त्यामुळे सारंगाचे प्रकार. पूर्वी मैफल रात्री बसायची तेव्हा यांना जागाच नव्हती. पण दरबारी, मालकंस हे रात्रीचे राग सगळे नऊ-साडेनऊच्या चिंचोळ्या फटीत आले, आणि विलंबित दरबारीत गायक षड्जावर नीट बसायच्या आत विंगेतून कुणीतरी घड्याळ दाखवतंय. ललित, तोडी, अहिर भैरव हे पहाटे-सकाळचे राग तर त्या मांडवात जवळजवळ हद्दपार. अण्णांची पहाटेची तोडी ज्यांनी तिथे ऐकली त्या आजींना तुम्ही काय सांगणार की दहाची शिस्त चांगली? शेजारी म्हणतात ते पण चूक नाही म्हणा. माणसाला झोप लागतेच.

कॉफीवाली:
एक राहिलं. सवाई चुकला असं फार कमी वेळा झालंय. 2009 ला पुण्यात स्वाइन फ्लूची दहशत होती तेव्हा डिसेंबरऐवजी जानेवारी 2010 मध्ये झाला. 2011 च्या जानेवारीत भीमसेनजी गेले, त्या वर्षापासून नावात 'भीमसेन' आलं, सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, आणि सूत्रं त्यांचे चिरंजीव श्रीनिवास जोशींकडे. शेवटी गायचा मान मग बरीच वर्षं प्रभाताई अत्रेंचा होता, त्या पण 2024 च्या जानेवारीत गेल्या. कोरोनात 2020 आणि 2021 दोन्ही वर्षं नाही झाला, मग 2022 ला जो झाला त्याला जी गर्दी लोटली ती बघण्यासारखी होती.

वऱ्हाडी_तंबोरा:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. यंदा सीझन तिकीट काढू की एकच दिवस? पाचही दिवस सुट्टी देणार नाही बॉस.

पेठेतला_काका:
शनिवार काढ. 12 पर्यंत आहे, त्यामुळे शेवटच्या कलाकाराला थोडा तरी श्वास मिळतो. खुर्ची नको, भारतीय बैठकच घे, पाठीला टेकायला काहीतरी ने आणि मुकुंदनगरला रात्री थंडी चांगलीच पडते, शाल विसरू नको. स्टॉलवर भजी संपायच्या आत मध्यंतरात पळायचं.

शनिवारचा_शेजारी:
आणि परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा, 12 ला सगळे एकदम बाहेर पडतात. आम्ही तरी आता पेठेतून तिकडे तिकीट काढून येतो, काय करणार.