मॉस्कोत रशियन रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदाच: काय मागवावं, काय विचारावं?

अबोली:
मार्चअखेर मॉस्कोला जातोय. एकदा तरी अस्सल रशियन रेस्टॉरंटमध्ये जेवायचं आहे. नवरा चिकन-मासे खातो, पण गोमांस आणि डुकराचं मांस नको. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही; दूधदुभतं चालतं. निर्धास्त काय मागवता येईल? बिलाची काही वेगळी पद्धत?

काळा_वाटाणा:
आधी मेन्यूची रचना. झाकुस्की म्हणजे सुरुवातीचे, बहुतेक थंड पदार्थ. मग ‘पहिलं’ म्हणजे सूप आणि ‘दुसरं’ म्हणजे मुख्य गरम पदार्थ. सोबतचा बटाटा किंवा ग्रेच्का ‘गार्निर’ या सदरात वेगळा असतो. पुष्कळ ठिकाणी तो मागवला नाही तर ताटलीत नुसतं कटलेट येतं. ग्रेच्का म्हणजे उत्तरेत उपासाला खातात तो कुट्टू. इथे तो अख्खा, भाजलेला आणि भातासारखा मोकळा शिजवलेला.

किमतीशेजारचे ग्रॅम वाचाच. ३००/३० म्हणजे ३०० ग्रॅम सूप आणि ३० ग्रॅम स्मेताना, म्हणजे आंबवलेली घट्ट साय. मासा किंवा स्टेकपुढे ‘१०० ग्रॅम’ लिहिलं असेल तर किंमत तेवढ्याचीच असते. अख्खा मासा ४००-५०० ग्रॅम भरला की बिल चार-पाच पट होतं, म्हणून वजन आधी विचारा.

नवऱ्यासाठी उखा (माशाचं पातळ सूप) आणि कीव पद्धतीचं चिकन कटलेट चांगलं. त्याच्या पोटात वितळलेलं लोणी असतं, थेट सुरी घातली तर अंगावर उडतं. आधी काट्याने टोचून वाफ जाऊ द्या. पेल्मेनीत (खिमा भरलेल्या उकडलेल्या करंज्या) सहसा गोमांस आणि डुक्कर एकत्र असतं, सोल्यांकात (आंबट-खारट सूप) सॉसेजचे तुकडे; दोन्ही टाळा.

सासूबाईंना धोका शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांचा जास्त. बोर्श्च हे सूप बिटाचं असलं तरी रस्सा बहुधा गाईच्या हाडांचा. ‘शुबा’ सॅलडमध्ये बिटाच्या थराखाली खारवलेला हेरिंग मासा. आपल्याकडे रशियन सॅलड म्हणतात त्या ऑलिव्हिएत उकडलेलं सॉसेज, अंडं आणि मेयोनीज. बटाट्याच्या वारेनिकींवर (सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या) कधीकधी डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे पेरतात, आणि पिठात अंडं असू शकतं. ब्लिनी (पातळ धिरडी) आणि सिर्निकीतही (पनीरसारख्या त्वारोगच्या तळलेल्या टिक्क्या) अंडं असतंच असं धरून चाला.

त्यांच्यासाठी विनेग्रेत मागवा: बीट, बटाटा, गाजर, खारवलेली काकडी, आंबवलेला कोबी, वर तेल. मेयोनीज नसतं. सोबत खारवलेले मशरूम आणि मशरूम-कांदा घातलेली ग्रेच्का. जवळजवळ सगळ्यावर ताजा शेपू पडतो. नको असेल तर ‘बेज़ उक्रोपा’ म्हणा.

नदीकाठ:
वरच्या यादीत एक महत्त्वाची भर. मार्चअखेर ईस्टरपूर्वीचा मोठा उपवासकाळ सुरू असतो. त्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी ‘पोस्नये मेन्यू’ नावाचं वेगळं पान देतात, त्यात मांस, दूध आणि अंडं नसतं. सासूबाईंसाठी हे पान आधी मागा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतील. मात्र कोळंबी आणि क्वचित मासाही या पानावर असतो, तेवढं तपासा.

नुसतं ‘बेज़ म्यासा’ (मांस नको) म्हणणं पुरत नाही. चिकन, मासा आणि हाडांचा रस्सा त्यात धरला जाईलच असं नाही. पूर्ण यादी म्हणा: ‘या न्ये येम म्यासा, कुरित्सू, रीबू, याय्त्सा.’ सूप असेल तर वेगळं विचारा: ‘बुल्योन म्यासनोय?’ (रस्सा मांसाचा आहे का?) हेच रशियनमध्ये लिहिलेली चिठ्ठी फोनमध्ये ठेवा. उच्चारावर विसंबण्यापेक्षा ती वेटरला दाखवलेली बरी.

अबोली:
खूप उपयोगी! दुपारी भटकताना पटकन कुठे खावं? आणि पैशांचं?

ताकभात:
दुपारी स्तोलोवाया, म्हणजे ट्रे घेऊन रांगेतून जायची खानावळ. पदार्थ समोर दिसतात, बोट दाखवून घेता येतात, शेवटी गल्ल्यावर हिशोब. लाल चौकातल्या गूम या दुकानसंकुलात ‘स्तोलोवाया ५७’ आहे. गर्दी असते, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला सोपी. रेस्टॉरंटमध्ये सोमवार ते शुक्रवार दुपारी साधारण १२ ते ४ ‘बिझनेस लंच’ मिळतो, रात्रीपेक्षा बराच स्वस्त.

रोख रूबल जवळ हवेतच. मार्च २०२२ पासून रशियाबाहेर दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत. टीप साधारण १० टक्के, रोखीने. पाणी विकतचं असतं आणि न सांगता फसफसणारं येऊ शकतं, म्हणून ‘बेज़ गाज़ा’ म्हणा. सासूबाईंना पेय म्हणून मोर्स द्या, आंबटगोड बेरींचं सरबत. क्वास राईच्या पावापासून आंबवतात, त्यात किंचित अल्कोहोल असतं.

कोट दारातल्या गार्देरोबमध्ये (कोट ठेवायची जागा) द्यायचा आणि नंबरचा बिल्ला घ्यायचा. बिल्ला हरवला तर कोट परत मिळवताना अडचण होते, तो पाकिटात ठेवा.