तुम्हाला कोणी 'बंडखोर' म्हटलं होतं का?

निवडणूक आली की पक्षानं तिकीट नाकारल्यावर अपक्ष अर्ज भरणारा तो बंडखोर. लाचखोर, भांडखोर, चहाडखोर यांतलाच 'खोर' इथेही आहे, त्यामुळे शब्दाला खोडीचा वास येतोच. तरी पुरुषाला तो मानानं मिळतो. बाईनं रीत मोडली तर ती आगाऊ. तुमच्या घरात काय घडलं, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. बाबा गेले, दहाव्याला बायका आईच्या बांगड्या फोडायला जमल्या. आईनं हात पदराखाली घेतले. "या माझ्या बापानं भरल्यात, लग्नाच्या आधीपासून घालतेय," म्हणाली. आत्या सगळ्यांसमोर बोलली, "किती आगाऊ!" पुढं कितीतरी संक्रांती आईला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, ती बातमी मी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरं झालं. आता एकेकटीला भांडायला नको."

पहिलं उत्तर: मी दापोलीकडचा. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि मुरुडनं त्यांना वाळीत टाकलं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. पण पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंनीही तेव्हा तेवढंच ओढवून घेतलं होतं. त्यांना कोणी बंडखोर म्हटलेलं मी ऐकलं नाही.

दुसरं उत्तर: पाळीत देवघरात गेले म्हणून मला 'जास्तच शहाणी' हे नाव पडलं. सासरी अजून तेच चालू आहे.

तिसरं उत्तर: आमच्या वडिलांनी हुंडा घेतला नाही. "पोरगा बंडखोर निघाला," असं आजी येईल त्याला सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा खुलायचा. त्याच मांडवात सुनेचं नवं नाव ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहायची वेळ आली. आईनं वडिलांच्या हातातून अंगठी घेतली, तळहातानं तांदूळ सारखे केले आणि स्वतःचं माहेरचंच नाव लिहिलं. "हट्टी आहे," आजी म्हणाली. अल्बममध्ये त्या ताटाचा फोटो आहे. रंग उडालाय, पण अक्षरं वाचता येतात.