कूलोमच्या गणितात ७.२ येतंय, पुस्तकात ३.६! मदत हवी आहे

शेवंती: मुलगी बारावीला आहे, उद्या सकाळी टेस्ट. तासभर एकाच गणितावर अडलोय. तीन चार्ज (विद्युत प्रभार), प्रत्येकी २ मायक्रोकूलोम, एकमेकांपासून १० सेंमी. कूलोमच्या नियमाने, म्हणजे दोन प्रभारांमधल्या बलाच्या सूत्राने, तिसऱ्यावरचा फोर्स (बल) काढायचाय. एकाचा ३.६ न्यूटन, दुसऱ्याचाही ३.६, म्हणजे ७.२ ना? पुस्तकात नुसतं ३.६. छपाईची चूक आहे का? लवकर सांगा.

जुना मास्तर: समभुज त्रिकोण आहे का? आणि चिन्हं कोणती?

शेवंती: हो, त्रिकोणच. आकृती आहे ना पुस्तकात.

रानवारा: पुस्तक तुमच्याकडे आहे, आमच्याकडे नाही. तिन्ही धन असतील तर ६.२ येईल. ७.२ त्रिकोणात येणारच नाही, दोन बलांच्या दिशा वेगळ्या आहेत.

कपिला: सूत्रात चिन्हासकट किंमत घाला. उत्तर ऋण आलं की आकर्षण. मी असंच शिकले, कधी चुकलं नाही.

जुना मास्तर: दोनच प्रभार असतील तोवर ठीक. तिसरा आला की 'ऋण' म्हणजे कागदावर नेमकं कुठल्या बाजूला? परिमाण, म्हणजे बल किती ते, चिन्हाशिवाय काढा आणि दिशेसाठी बाण काढा. मुलांचे मार्क इथेच जातात, म्हणून कळकळीने सांगतोय.

कपिला: सदिश रूपात, म्हणजे दिशेसकट सूत्र लिहिताना, चिन्ह घालावंच लागतं, सर.

रानवारा: तिथे सोबत एकक सदिश, म्हणजे नुसती दिशा दाखवणारा बाण, असतो. यांनी तो लिहिलाय कुठे?

पाणवठा: माध्यम कोणतं? पाण्यात असेल तर बल सुमारे ८० पटीने कमी होतं. मीठ पाण्यात सहज विरघळतं त्यामागे हेही कारण आहे.

शेवंती: पाण्याचं काही नाही हो! चिन्हं बघितली: अ +२, ब −२, क +२. क वरचा फोर्स हवाय.



जुना मास्तर: ताई, अब ही बाजू आडवी पायाला ठेवा, क वर. अ हा क ला दूर लोटतो, म्हणून पहिला बाण अक रेषेत पुढे, वर तिरका. ब ओढतो, म्हणून दुसरा क पासून ब कडे, खाली तिरका. दोन बाणांत १२० अंश. प्रत्येक बाणाचे उभा आणि आडवा असे दोन घटक (भाग) करा; उभे घटक एकमेकांना खोडतात. आडवे प्रत्येकी ३.६ गुणिले कोसाइन ६०, म्हणजे १.८. बेरीज ३.६ न्यूटन, अब ला समांतर, अ कडून ब च्या दिशेने.

कपिला: चिन्हं घालून घटक काढले तरी हेच येतं.

शेवंती: आलं, ३.६! आम्ही बाणच काढले नव्हते. सर, मनापासून आभार. आता ब धन धरून ६.२ येतं का, ते ती करून बघतेय.