मोठ्या रिटेल कंपनीच्या स्टोअरमधलं वातावरण रुजू होण्याआधी कसं ओळखायचं? (बेळगाव)

खानापूरकर

धाकट्या बहिणीला बेळगावात एका मोठ्या रिटेल कंपनीच्या स्टोअरची ऑफर आलीय. पद सीएसए (ग्राहक सेवा सहाय्यक), किराणा विभाग, सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) महिना १८,०००. नाव मुद्दाम घेत नाही. नेटवर वाचलं तर निम्मे लोक 'उत्तम' म्हणतात, निम्मे 'लांबच राहा' म्हणतात, आणि कारण कुणीच सांगत नाही. आतली परिस्थिती आधी कशावरून ताडायची? मुलाखतीत नेमकं काय विचारायचं? खानापूरहून रोजची ये-जा आहे, ते धरून सांगा.

अनगोळकर

दोन्ही निम्मे खरंच बोलतात. पॉलिसी मुंबई-बेंगळुरूहून येते, पण रोजचा दिवस स्टोअर मॅनेजर आणि डिपार्टमेंट मॅनेजर ठरवतात. एकाच कंपनीच्या दोन शाखांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून कंपनी सोडा, ते स्टोअर बघा.

रविवारी संध्याकाळी सातला गिऱ्हाईक म्हणून जा. एकूण काउंटर किती आणि चालू किती ते बघा. रांग दरवाज्यापर्यंत गेलीय, निम्मे काउंटर बंद आहेत आणि मॅनेजर केबिनमध्ये बसलाय, तर माणसं कमी आहेत आणि जी आहेत त्यांच्यावर डबल भार आहे. चांगल्या स्टोअरमध्ये गर्दीच्या वेळी डिपार्टमेंट मॅनेजर स्वतः बिलिंगला किंवा पिशव्या भरायला उभा असतो. ऐन गर्दीत रॅकमधल्या गल्लीत कार्टन पडलेले दिसले तर सकाळचं रिफिल (रॅकवर माल भरणं) पुरं झालेलं नाही, हेही माणूसबळाचंच लक्षण. सुपरवायझर गिऱ्हाइकासमोर पोरांना कसा बोलतो ते कान देऊन ऐका.

मग मंगळवारी दुपारी, स्टोअर रिकामं असताना परत जा आणि एखादीला सहज विचारा, "पुढच्या आठवड्यात सुट्टी कधी आहे ओ?" तिनं वार सांगितला तर रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) वेळेत लागतो. "उद्याचं उद्या कळतंय" म्हणाली तर समजून घ्या. मात्र ब्रँडचा टीशर्ट घातलेल्यांना हे विचारू नका. ते प्रमोटर असतात, पगार वेगळ्या एजन्सीचा, साहेब वेगळा. त्यांच्याकडून स्टोअरचं फुकट रिफिल करून घेतलं जात असेल, तर तीही एक खूण आहेच.

रिटेलमध्ये शनिवार-रविवार, महिन्याचा पहिला आठवडा, गणपतीआधीचे दिवस आणि दिवाळी या काळात रजा मिळत नाही. याला वाईट वातावरण म्हणू नका, धंदाच तसा आहे. साप्ताहिक सुट्टी सोमवार ते गुरुवारमध्ये येणार. वाईट कशाला म्हणायचं? रोस्टर आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर टाकणं, सुट्टीच्या सकाळी 'दोन तास येऊन जा' म्हणणं, आणि ब्रेक शिफ्ट. सकाळी चार तास, मध्ये मोकळे, संध्याकाळी परत पाच तास. टिळकवाडीतली मुलगी मधल्या वेळात घरी जाऊन येईल, खानापूरची कुठं जाणार? हे मुलाखतीतच स्पष्ट विचारा.

क्लोजिंग शिफ्टचं गणितही आधी मांडा. शटर दहाला पडलं तरी रोकड जुळवणं, फळभाजी कोल्डरूममध्ये नेणं, गल्ली आवरणं आणि शेवटी बॅग तपासणी यात अर्धा-पाऊण तास जातो. खानापूरची शेवटची गाडी किती वाजता आहे ते मध्यवर्ती बसस्थानकात स्वतः विचारून घ्या, मोबाइलवरच्या वेळेवर विसंबू नका. महिलांच्या मोफत प्रवासाच्या शक्ती योजनेमुळे साध्या बसचं तिकीट वाचेल, पण गाडीच नसेल तर त्याचा काय उपयोग. रात्री आठनंतर महिलांना कामावर ठेवायचं तर कर्नाटकात लेखी संमती आणि वाहतुकीची व सुरक्षेची व्यवस्था मालकाकडून लागते. 'व्यवस्था आहे' म्हणाले तर गाडी खानापूरपर्यंत येते की कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडपर्यंत, ते विचारा.

निपाणीचा_हिशेबनीस

पगाराचं मी सांगतो. १८,००० सीटीसी म्हणजे हातात १८,००० नव्हे. समजा ग्रॉस (कपातीआधीचा पगार) १६,००० आणि त्यात पीएफ लागू होणारा पगार १२,००० आहे. पीएफ १२ टक्क्यांनी १,४४० कापणार, ईएसआय (कर्मचारी विमा) ग्रॉसवर ०.७५ टक्क्यानं १२०. हातात १४,४४०. मालकाचा पीएफ १,४४० आणि ईएसआय ३.२५ टक्क्यांनी ५२० हे ग्रॉसवर चढवून सीटीसी १७,९६० दाखवतात. त्यातच बोनस आणि ग्रॅच्युइटीही घातली असेल तर हातातला आकडा आणखी खाली येईल. म्हणून एकच प्रश्न विचारा: "महिन्याला खात्यात किती जमा होणार आणि कुठली कपात धरून?" कर्नाटकात २५,००० च्या खाली व्यवसाय कर नाही, तो कापत असतील तर हरकत घ्या.

ऑफर लेटरवर कंपनीचं नाव आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं, ते बघा. एजन्सीचं असेल तर पीएफ-ईएसआय त्यांच्या कोडवर भरलं जातं आणि एजन्सी बदलली की नोकरीचा सलग काळ तुटायची भीती असते. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) जुना असेल तर तोच द्या, नवा काढू देऊ नका. दोन यूएएन झाले की पुढे पैसे एकत्र करताना जीव जातो. रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात उमंग या सरकारी अॅपवर पीएफचं पासबुक उघडून बघा. पगारपत्रकात कपात दिसते आणि पासबुकात जमा नाही, असं असेल तर तेव्हाच ओरडायचं.

तासांचं: कर्नाटकचा १९६१ चा दुकाने व वाणिज्य आस्थापना कायदा दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास म्हणतो. पाच तासांच्या आत किमान तासभर विश्रांती हवी, आणि विश्रांती धरून पूर्ण पसारा १२ तासांवर जाता कामा नये. अनगोळकरांनी सांगितलेली ब्रेक शिफ्ट इथंच अडकते. जादा तासांना दुप्पट दर. वर सांगितलेल्या १६,००० वर २६ दिवस आणि ८ तास धरले तर तासाला साधारण ७७, म्हणजे जादा तासाला १५४ रुपये. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी पैशाऐवजी 'कॉम्प ऑफ' (बदली सुट्टी) देतात आणि तो ठरावीक दिवसांत वापरला नाही तर रद्द होतो. दुसरी युक्ती अशी की बायोमेट्रिकवर आउट पंच करून परत कामाला लावायचं. बहिणीला सांगून ठेवा, पंच काम संपल्यावरच.

रजा: २० दिवस काम केलं की १ दिवस पगारी रजा जमते, शिवाय आजारपण वगैरे कारणांसाठी वर्षाला १२ दिवस. नेमणूक पत्र ३० दिवसांत मिळालं पाहिजे. सहा महिने सलग झाल्यावर सबळ कारण आणि महिन्याची नोटीस, किंवा तिच्या बदल्यात पगार, यांशिवाय काढता येत नाही. 'उद्यापासून येऊ नको' हे तोंडी चालत नाही.

खानापूरकर

आभार. एक राहिलं. माल कमी भरला किंवा गल्ल्यात पैसे कमी आले तर पगारातून कापतात म्हणे. हे खरं का?

काउंटर_चार

गल्ल्याचं सोपं आहे, हात पक्का ठेवला तर. सुरुवातीला मिळणारी सुट्ट्या पैशांची पिशवी मोजल्याशिवाय सही करायची नाही, घाई असली तरी. लॉगिन दुसऱ्याला द्यायचं नाही, पाणी प्यायला गेलं तरी लॉक. बिल रद्द केलं की त्या स्लिपवर तिथंच सुपरवायझरची सही घ्यायची, रात्री नाही. यूपीआय गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर बघून सोडायचं नाही, आपल्या मशीनवर यशस्वी दिसलं पाहिजे. ५०० ची नोट ड्रॉवरवर ठेवून सुट्टे मोजायचे, मग आत टाकायची. 'मी पाचशेची दिली' हा वाद यानं होत नाही.

आणि गिऱ्हाईक मोबाइल नंबर देत नाही म्हणून स्वतःचा किंवा मैत्रिणीचा नंबर घालून खरेदीचे पॉइंट गोळा करू नका. कंपनीच्या नजरेत ती फसवणूक आहे, एका नंबरावर दिवसाला दहा बिलं आली की सिस्टिमच ओरडते. टार्गेटच्या दडपणाखाली नव्या मुली नेमकं हेच करतात आणि नोकरी जाते.

मलप्रभा

मालाच्या तुटीबद्दल. स्टॉक मोजणीत तूट निघाली की पहिला संशय चोरीचा घेतात, पण किराण्यात मोठा भाग कागदावरचा असतो. गिऱ्हाइकानं चार वासांचे चार साबण घेतले, कॅशियरनं घाईत एकच स्कॅन करून संख्या ४ टाकली. आता त्या एका वासात तीन जास्त आणि बाकी तिन्हींत एकेकाची तूट. रकमेचा हिशेब जुळतो, संख्येचा बिघडतो. किंमत वेगळी असेल तर रक्कमही बिघडते. दुसरं कारण इनवर्डचं, म्हणजे आलेला माल उतरवून घेण्याचं: गाडी रात्री आली, बाहेरून पेट्या मोजून सही केली, आत पेटीत कमी निघाले. तिसरं, फुटलेलं-मुदत संपलेलं डंप केलं पण सिस्टिममध्ये नोंदलं नाही. चौथं, दुसऱ्या शाखेहून आलेला किंवा तिकडे पाठवलेला माल, ज्याची एका बाजूची एंट्री मोजणीच्या रात्री अडकलेली असते.

त्यामुळे मोजणीआधी चांगला मॅनेजर तीन गोष्टी करतो. अडकलेल्या इनवर्ड आणि ट्रान्सफरच्या एंट्र्या बंद करतो, डंप नोंदवतो, आणि तूट दिसलेल्या मालाची दुसऱ्या माणसाकडून फेरमोजणी करवतो. वाईट मॅनेजर आकडा बघतो आणि विभागातल्या सगळ्यांत भागून टाकतो.

ही सरसकट वाटणी कायद्यात बसत नाही. कपात करायची तर माल किंवा रोकड त्या माणसाच्याच ताब्यात दिलेली हवी, नुकसान त्याच्याच हलगर्जीपणानं झालेलं हवं, आणि त्याला म्हणणं मांडायची संधी दिलेली हवी. एकूण कपातही पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. 'स्वखुशीनं भरत आहे' अशा कोऱ्या कागदावर सही मागतात, ती देऊ नका. मुलाखतीत विचारायचा प्रश्न: "मोजणीत तूट आली तर पद्धत काय?" उत्तर देताना समोरचा 'फेरमोजणी' हा शब्द काढतो का, बघा.

अजून एक. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, आणि शाखा वेगवेगळ्या गावी असतील तर प्रत्येक ठिकाणी. स्टाफरूमच्या भिंतीवर सदस्यांची नावं असली पाहिजेत. नुसता मुख्य कार्यालयाचा टोल-फ्री नंबर चिकटवलेला दिसला तर समिती कागदावरच आहे, असं धरून चाला. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने.

टिळकवाडी

सगळं मॅनेजरवर ढकलताय, हे पटत नाही. माणसं किती ठेवायची हे त्याच्या हातात नसतं. पगाराचा खर्च विक्रीच्या टक्क्यात बांधून वरून येतो. विक्री पडली की सोडून गेलेल्यांच्या जागा भरत नाहीत, आणि मग तोच मॅनेजर ब्रेक शिफ्ट लावतो. स्टोअर किती जुनं आहे तेही बघा. नवीन उघडलेल्यात सुरुवातीला माणसं भरपूर असतात, उद्घाटनाच्या ऑफर संपल्या की कमी करतात. पहिल्या महिन्यातल्या वातावरणावर भाळू नका.

अनगोळकर

ते मान्य. पण माणसं कमी असताना रोस्टर चार दिवस आधी लावणं आणि क्लोजिंग पाळीपाळीनं देणं याला खर्च येत नाही ओ. लाडक्यांना कायम सकाळ आणि नव्यांना कायम रात्र, हे वरून येत नाही.

खानापूरकर

भाषेचं काय? तिचं शिक्षण मराठीतून झालंय, कन्नड समजतं पण बोलायला अडखळते.

काउंटर_चार

बेळगावात फ्लोअरवर मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही चालतात, गोव्याकडचे आणि चंदगडचे गिऱ्हाईक वेगळेच. काउंटरला पाच-सहा वाक्यं रोज लागतात: चीला बेका, चिल्लर इदेया, फोन नंबर हेळ्री. ती पंधरवड्यात बसतात. अडचण होते ती गोकाक-बैलहोंगलकडचं गिऱ्हाईक परतीच्या मालावरून तावातावानं बोलायला लागलं की. तेव्हा अडखळत वाद घालण्यापेक्षा कस्टमर डेस्कवर पाठवायचं. ट्रेनिंगचे व्हिडिओ आणि परीक्षा कुठल्या भाषेत आहेत तेवढं विचारून घ्या. नोकरीत पक्कं करताना ते गुण धरतात.