मदत हवी आहे: दारू-नशेबद्दल मुलांना नेटवर नेमकं कुठे पाठवू? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. सोलापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. बरीच मुलं पूर्व भागातली. घरी तेलुगू, वर्गात मराठी आणि मोबाइलवर जे पुढं येईल ते.

गेल्या महिन्यात प्रकल्प दिला, 'दारू पोटात गेल्यावर शरीरात काय होतं'. वह्या तपासताना कपाळाला हात लावला. लिंबूपाण्यानं उतरते, बिअर म्हणजे दारू नव्हे, गांजा झाडपाल्याचा म्हणून अपाय नाही. विचारलं तर, "सर, व्हिडिओत डॉक्टरच सांगत होते की." पांढरा कोट चढवला की झाला डॉक्टर!

बिअरचं गणित फळ्यावर मांडलं. ८ टक्क्यांची ६५० मिलीची बाटली म्हणजे ५२ मिली अल्कोहोल, वजनात साधारण ४१ ग्रॅम. ३० मिली व्हिस्कीत १० ग्रॅम. एक बाटली, चार छोटे पेग. वर्ग चिडीचूप. पण एकेका थापेला मी कुठवर पुरणार?

त्याहून अवघड गोष्ट अशी. एका मुलीनं वडिलांच्याच मोबाइलवर 'दारू कशी सोडवायची' शोधलं. दुसऱ्या दिवसापासून त्यावर 'न सांगता चहातून द्या' छापाच्या पावडरींच्या जाहिराती सुरू. वडिलांनी पाहिल्या. पुढचं इथं लिहीत नाही. पावडर मागवायचंही तिच्या मनात होतं.

आणखी एकानं विचारलं, "आई विड्या वळते, सर. तंबाखू वाईट असं लिहू का?" मला उत्तर सुचलं नाही.

सध्या माझ्याकडे व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पानं चांगली, पण इंग्रजीत. मुलांना पेलेल असं मराठीत काय आहे? खरं-खोटं ओळखायला कसं शिकवता? आणि घरात एकच मोबाइल असेल तर?

प्रतिसाद १
सर, मी व्यसनमुक्तीत समुपदेशक आहे. पावडरीचं आधी. आत काय आहे ते पाकिटावर धड नसतंच. डायसल्फिराम (दारू सोडवायला डॉक्टर देतात ते औषध) असलं आणि माणूस वरून प्यायला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब खाली; जिवावर बेतू शकतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तरी पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, म्हणून सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. १४४४६ ला पैसे लागत नाहीत, घरच्यांशीही बोलतात. फक्त केलेला नंबर मोबाइलमध्ये राहतो, तेव्हा तुमच्या स्टाफरूममधून लावून द्या.

प्रतिसाद २
मी मुलांना एवढंच सांगते, आधी पानाच्या तळाशी जा. 'आजच मागवा' किंवा 'बेड बुक करा' दिसलं की ते दुकान. मग लिहिणारा कोण, कधीचं लिहिलंय. मराठीसाठी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रापासून सुरुवात करा, १९८६ पासून हेच काम करताहेत.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. स्टाफरूमचं उद्याच करतो. त्या मुलीला एकटीला कसं बोलवायचं, वर्गात कुजबुज न होता, तेवढं बघावं लागेल.

विड्यांचं मात्र कुणीच बोललं नाही. वही अजून माझ्याकडेच आहे.