वादळाची तयारी: आधी छप्पर की आधी बॅग?

वळचण
उन्हाळी वादळांचे दिवस आले की याद्या फिरायला लागतात, टॉर्च घ्या, पॉवर बँक भरा, औषधं एका पिशवीत ठेवा. त्याला माझी ना नाही, पण घराची तयारी म्हणजे एवढंच असं लोक धरून चालतात तिथे माझा विरोध आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी ५० किमीच्या वाऱ्यात जो पत्रा नुसता खडखडला त्याला १०० च्या झोतात चौपट ओढ बसते. आणि वारा छप्पर दाबतो असं आपल्याला वाटतं, पण सपाट किंवा कमी उताराचं छप्पर तो वर उचलतो, तेही सगळ्यात जास्त कडेला आणि कोपऱ्यांत.

म्हणून म्हणतो, आकाश कोरडं आहे तोवर एकदा शिडी लावा. कडेचे स्क्रू बघा, गंजलेले हुक बदला, वॉशर कडक होऊन तडकले असतील तर तेही बदला, आणि तेवढ्यावर थांबू नका, पत्रा रिपेला म्हणजे त्याच्या खालच्या आडव्या पट्टीला, रीप वाशाला, वासा भिंतीला असं खालपर्यंत बघत या. पत्रा घट्ट आणि रीप दोन खिळ्यांवर असेल तर पत्रा रीप घेऊनच जाणार. शिडीला खाली दुसरं माणूस हवंच.

तिसरा मजला
वळचणदादा, हे सगळं स्वतःचं छप्पर असलेल्यांसाठी झालं. मी भाड्याने राहते, भिंतीला खिळा मारायचा तरी मालकाला विचारावं लागतं, मग माझ्यासारख्यांनी तयारीच करायची नाही का? आणि मला मूळ मुद्दाच पटत नाही. वादळात माणसं जातात ती वीज पडून, तुटलेल्या तारेला हात लागून, झाडाखाली आडोशाला उभं राहून. घरातल्या पोराटोरांना, म्हाताऱ्यांना, वारा सुटला की कुठल्या खोलीत जायचं हे पाठ असणं मला दहा स्क्रूंपेक्षा मोठं वाटतं. खिडक्या नसलेली आतली खोली, शक्यतो खालचा मजला, आणि तिथे चप्पल-बूट ठेवलेले, कारण नंतर जमिनीवर काच असते आणि अंधारात अनवाणी पळणाऱ्याचे पाय कापतात. हे कोणाच्याच यादीत नसतं.

वळचण
ताई, बुटांचं एकदम बरोबर. पण उन्हाळी वादळ चक्रीवादळासारखं दोन दिवस आधी सांगून येत नाही. दुपारपर्यंत ऊन, मग ढग उंच वाढत जातो, त्यातली थंड जड हवा खाली आदळून चहूकडे पसरते आणि पावसाचा पहिला थेंब पडायच्या आत सोसाटा दारात असतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत जे जमतं ते तयारी नाही, आवराआवर आहे. तयारी आधीच झालेली असावी लागते.

तिसरा मजला
मग हा मुद्दा माझ्याच बाजूने जातो की! मिनिटंच हातात असतील तर डोकं शोधत बसणार नाही, पाय सवयीने जिथे जातात तिथेच जाणार. सवय लावायला मालकाची परवानगी लागत नाही.

आडवाट
मधेच विचारतो. आमच्यातले मोठे सांगायचे की वादळात समोरासमोरच्या दोन खिडक्या किलकिल्या ठेवायच्या, आतला-बाहेरचा दाब सारखा राहतो आणि छप्पर उडत नाही. आणि काचेला टेपची फुली मारायची. या दोन्ही गोष्टी फुकटात होतात, त्यावर कोणी बोलतच नाही.

वळचण
आडवाट, दोन्ही करू नका. वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडी राहिली किंवा फुटली की वारा आत घुसून छपराला आतून वर ढकलतो, बाहेरून ओढ चालू असतेच, दोन्ही जोर एकाच दिशेने. गाडी ठेवायच्या जागेचं मोठं शटर आधी वाकतं आणि मग छप्पर जातं ते यामुळेच. सगळं बंद, कड्या लावलेलं, आणि बाहेरून झडपा असतील तर त्याही बंद. टेपने काच मजबूत होत नाही, फुटली तर तुकडे मोठे आणि जास्त घातक पडतात. तो वेळ बाल्कनीतल्या कुंड्या, खुर्च्या आत घ्यायला वापरा, काच बहुतेक वेळा वाऱ्याने नाही, उडून आलेल्या वस्तूने फुटते.

करवत
छप्पर, खिडकी सगळं बोललात आणि मुख्य शत्रू राहिला. घराजवळचं मोठं झाड. त्याची उंची घरापासूनच्या अंतराहून जास्त असेल तर काढून टाका, भावनिक होऊ नका. छपराला कितीही स्क्रू मारा, काही टनांचं खोड अंगावर आलं तर काय करणार आहात?

सावली
करवत, याच विचाराने चांगली झाडं जातात, मला खरंच राग येतो. झाडं वाऱ्याचा जोर मोडतात. आणि घोळक्यातली बाकीची तोडून एकच ठेवलंत तर जे आयुष्यभर आडोशात वाढलं ते एकदम पूर्ण वारा खातं आणि तेच पडतं. आधी बघायला शिका. बुंध्याशी अळंबी आलीय का, ढोली आहे का, दोन जाड फांद्यांचं बेचकं अरुंद आहे आणि मधे साल दाबली गेलीय का, एका बाजूची जमीन फुगलीय किंवा भेगाळलीय का, खोदकामात मुळं तोडली गेलीत का. यातलं काही असेल तर जाणकाराला बोलवा. नसेल तर वाळक्या आणि छपरावर आलेल्या फांद्या काढा, बस. आणि शेंडा छाटून झाड बुटकं करू नका, त्या जखमेतून सडतं आणि वर जे नवे फुटवे येतात ते वरवरच चिकटलेले असतात, काही वर्षांनी तेच मोडतात.

करवत
खुणा मान्य, शेंड्याचंही मान्य. पण दरवर्षी हे बघणार कोण? लोक एकदा बघतात आणि विसरतात. झोपायच्या खोलीवर झुकलेलं झाड मी ठेवणार नाही, त्या जागी घरापासून लांब दोन लावीन.

सावली
झुकलेलं सरसकट नको. वर्षानुवर्षं तिरकं वाढलेलं झाड त्याच तोलाने मुळं धरतं. जे सरळ होतं आणि आत्ता झुकलं ते धोक्याचं. दोन लावणार असाल तर आधी लावा, ती मोठी होऊ देत, मग बोलू.

सर्किट
विजेबद्दल कोणीच नाही म्हणून लिहितोय. लखलखाट आणि गडगडाट यातले सेकंद मोजा, साधारण ३ सेकंदाला १ किमी. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, पाऊस सुरू नसला तरी. टीव्ही, राउटरचे प्लग त्याच्या आधी काढायचे, ढग डोक्यावर आल्यावर सॉकेटला हात घालायचा नाही, नळाखाली अंघोळही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं गच्चीवर जायचं नाही. स्पाइकवाली पट्टी थेट पडलेल्या विजेपासून वाचवत नाही. आणि जनरेटर असेल तर तो बाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब, पाऊस आहे म्हणून व्हरांड्यात किंवा शटरच्या आत अजिबात नाही, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. जनरेटरची वीज सॉकेटमधून उलटी घरात सोडली की ती बाहेरच्या तारेतही जाते, म्हणजे बाहेर तार जोडणाऱ्या माणसाचा जीव घेणं, चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवल्याशिवाय घराला जोडूच नका.

वळचण
सर्किट, हे पहिल्याच पोस्टमधे हवं होतं, ॲडमिननी वर चिकटवावं. अजून एक, पन्हळी साफ करा. १०० चौरस मीटर छपरावर ५० मिमी पाऊस म्हणजे ५,००० लिटर पाणी, आणि वादळात ते तासाभरात येऊ शकतं. पाइपच्या तोंडाशी पाल्याचा बोळा असेल तर ते भिंतीतच उतरणार.

तिसरा मजला
छप्पर पहिलं हे मी अजूनही म्हणणार नाही, माझ्यासाठी आतली खोली आणि माणसं पहिली. पण हे वाचताना आमच्या गच्चीवरची रिकामी टाकी आठवली, कधीची कोपऱ्यात नुसती उभी आहे, तिला धरून ठेवणारं काहीच नाही. ५०० लिटरची आहे, भरली की अर्धा टन. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर आत्ताच टाकलंय, वापरायची असेल तर भरून ठेवा नाहीतर खाली उतरवा, गच्चीतलं पाणी जायचं भोक मोकळं करा आणि डिशचे बोल्ट आवळा. मालकांनाही वेगळा मेसेज केलाय. उत्तर आलं की सांगते.